मागे काय आहे, मी बघत नाही

हसायच्या जागी हसायचं नाही, हा हट्ट आमच्या घरमालकांइतका निष्ठेने चालवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. लग्न असो, बारसं असो, सगळे पोट धरून हसत असले की हे मिशीचं टोक चावत समोर बघत बसायचे. रेल्वेचं फाटक पडलंय आणि गाडी जाईपर्यंत थांबणं भाग आहे, अशा चेहऱ्याने. आणि हसायचे ते भलत्याच जागी. वरातीतल्या घोड्याने बँडवाल्याला लाथ मारली तेव्हा अख्खी गल्ली लोळली, नाना गप्प. मग घोडेवाला घोड्याच्या कानात काहीतरी समजुतीचं बोलायला लागला, तेव्हा नाना एकटेच खुदुखुदु हसले.

सगळी गल्ली त्यांना नानाच म्हणायची. डिंडोलीत त्यांचं घर होतं, पुढच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. मी पारोळ्याकडची, नवीन लग्न होऊन सुरतेला आलेली. आमचे हे कापडाच्या लूमवर कारागीर. नानांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, होता तो एक टेम्पो. रिंग रोडच्या कापड बाजारातून शेठच्या साड्या पोटल्यांत बांधून आमच्या गल्लीत आणायच्या आणि काम झालं की परत न्यायच्या, हा त्यांचा धंदा. काम म्हणजे आम्हा बायकांचं. साडीच्या उलट बाजूचे लोंबते धागे कापायचे, पदरावर चमकी चिकटवायची, घडी घालायची. चमकी चिकटवताना माझी निम्मी बोटंही एकमेकांना चिकटायची, पण तो विषय वेगळा.

ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की मी 'नाना' म्हटलं की मुलगी म्हणते, "आई, आधी लोणचं." तर आधी लोणचं.

नाना एकदा लग्नाला गावाकडे गेले. आमचं गाव वाटेवर, म्हणून माझ्या आईने त्यांच्याकडे माझ्यासाठी एक गाठोडं दिलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, वर करकचून गाठ. अमळनेरला नाना गाडीत बसले, गाठोडं डोक्यावरच्या फळीवर ठेवलं. नंदुरबार गेलं आणि त्यांच्या खांद्यावर थेंब पडला. मग दुसरा. आईने घाईत बरणीचं झाकण नीट लावलं नव्हतं आणि कैरीच्या लोणच्याचं तेल मोकळं सुटलं होतं. डब्यातले लोक सांगून थकले, काका, सोडून बघा, झाकण लावा. नानांनी ऐकलं नाही. बाजूलाही सरकले नाहीत, कारण ते सरकले असते तर तेल शेजारच्याच्या अंगावर पडलं असतं. उधन्याला उतरले तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळे झालेले, आणि वास असा की स्टेशनवरची कुत्री मागे लागली.

मी दारात बघतच राहिले. म्हटलं, "नाना, उघडायचं की हो."

"गाठ तुन्ही मायनी मारेल शे," नाना म्हणाले. "मी कोन सोडनारा?"

तो शर्ट त्यांनी टाकला नाही. पिवळा डाग कुठल्याच पावडरीला दाद देईना, तरी वर्षानुवर्षं घातला, तोही सणावाराला.

आता कोणाला वाटेल, विक्षिप्त म्हातारा. तर म्हातारे नव्हते, पन्नाशीच्या आसपास होते, आणि विक्षिप्तपणाला नियम होते. टेम्पोत भरलेल्या मालाची गाठ डायवरने सोडायची नाही. आत काय आहे विचारायचं नाही. आमच्या ओट्यावर आम्ही पोटलं सोडायला बसलो की नाना तोंड फिरवून चहाला निघून जायचे, एखाद्या घरात बाई न्हायला बसली आहे अशा संकोचाने. चालत्या टेम्पोतून मागे बघायचं नाही. आरसा होता, पण तो रस्त्यासाठी, मालासाठी नाही. फक्त गल्लीत टेम्पो उलटा घालताना ते मान बाहेर काढायचे आणि मागे बघायचे, तेवढंच. टेम्पो रोज उलटाच लावायचे, तोंड रस्त्याकडे. "निघताना तोंड दाखवून निघावं," म्हणायचे. दुसऱ्याच्या रिक्षात बसले की उजवा पाय सतत दाबत राहायचे. त्यांच्या बाजूला बसलेली बाई उतरेपर्यंत पाय आखडून बसायची.

असल्या माणसाच्या आयुष्यात ते पिक्चर आलं.

नाव सांगत नाही. आमच्या भागात त्याला सगळे 'डायवरचं पिक्चर' म्हणायचे. हिंदी, तुफान विनोदी, चोऱ्यामाऱ्या, पाठलाग, खोटे पोलीस आणि खरे पोलीस. त्यातला हिरो एक कर्जात बुडालेला डायवर. गाडीचं दार सुतळीने बांधलेलं, हॉर्न दाबला की वायपर हलायचा. त्याला एक मोठी पेटी पोचवायचं काम मिळतं. पेटीत चोरीचं सोनं असतं, आणि सोन्याबरोबर एक चोरही झोपलेला असतो. अख्खं शहर त्या पेटीच्या मागे आणि ह्या बिचाऱ्याला पत्ता नाही. चोर पेटीतून हात काढून त्याचा डबा खातो, तरी ह्याला वाटतं की आपण सकाळीच जेवलो असू.

उधन्याच्या टॉकीजला ते लागलं आणि कारागिरांनी उचलून धरलं. तेव्हा लूमच्या एकेका भागाला विजेची सुट्टी असायची, आज ह्या भागाला, उद्या त्या भागाला. त्यामुळे टॉकीजला रोजच कोणाची तरी सुट्टी आणि रोजच दुपारचा खेळ भरलेला. लोक दोनदा, तीनदा जायचे, आणि पुढचा संवाद आधी म्हणून दाखवायचे. पेटीतला चोर मुसक्या बांधलेला दाखवला की पडद्यावर चिल्लर उडायची. आमचे हे दोनदा पाहून आले आणि जेवताना घास हातात धरून गोष्ट सांगायचे. भाजी गार व्हायची.

नाना सिनेमाला जात नसत. पडद्यावरचा हिरो एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि बाजूच्या बाईकडे बघतो, हे त्यांना सहन होत नसे. पण डायवरचं पिक्चर म्हटल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला. लोणच्याचाच. आम्ही चौघं गेलो: आम्ही दोघं, नाना, आणि समोरच्या घरातल्या बीडच्या मावशी, ज्यांना पडद्यावर काय चाललंय हे शेजारच्याला सांगितल्याशिवाय स्वतःला कळत नसे.

पहिला अर्धा तास नाना खूश होते. त्या डायवरने सुतळीने दार बांधलं तेव्हा म्हणाले, "बरोबर गाठ मारली." मग पेटी आली. आणि पहिल्यांदा तो प्रसंग आला, ज्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येत. गाडी चालली आहे, मागे पेटीचं झाकण हळूच उघडतंय, चोर जांभई देतोय, आणि डायवर गाणं गुणगुणत समोर बघतोय. सगळं टॉकीज उभं राहिलं. "पीछे देख! पीछे देख!" पुढच्या रांगेतून गुजरातीत आलं, "पाछळ जो ने, डफोळ." आमच्या बाजूने अहिराणीत, "मांगे देख रे येडा." मावशी ओरडत होत्या, "आरं बघ की मागं, मुडद्या." मीही ओरडत होते. माझा आवाज घरात सगळ्यात बारीक आहे असं माझं मत होतं; पुढचे लोक कानावर हात ठेवून वळून बघायला लागले तेव्हा ते मत सोडलं.

आणि मग आमच्या रांगेत नाना उभे राहिले. त्यांचा आवाज टेम्पोच्या इंजिनावरून बोलायला सरावलेला.

"कसाले देखी तो?" नाना म्हणाले. "डायवर शे तो. चोर नही शे."

टॉकीजमध्ये असा हशा उठला की पडद्यावरचं काही ऐकू येईना. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, आपकी भी पेटी है क्या?" शेंगांची टरफलं आली. बॅटरीवाला धावत आला, नानांच्या तोंडावर उजेड मारून म्हणाला, "काका, बेसी जाओ ने." नाना बसले नाहीत. पण मागच्यांना अडचण नको म्हणून रांगेतून बाहेर पडले आणि भिंतीला पाठ लावून उरलेलं पिक्चर उभ्याने पाहिलं. लोक पडद्याकडे बघून हसायचे, मग भिंतीकडे बघून हसायचे. त्या दिवशी त्या तिकिटात दोन खेळ होते.

शेवटी तो डायवर पेटी उघडतो. सोनं बघतो, चोराला धरतो, साहेब त्याला बक्षीस देतात, शिट्ट्या, टाळ्या. मी डोळे पुसत नानांकडे पाहिलं. ते दाराकडे निघालेही होते.

"कसं वाटलं नाना?"

"हारना तो," नाना म्हणाले, म्हणजे हरला तो, आणि चालायला लागले.

सुरतेत गंमत पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून बाजारातले हमाल नानांचा टेम्पो दिसला की ओरडायचे, "नाना, पीछे देख!" चहावाला कप देताना म्हणायचा, "पाछळ जो." आमच्या गल्लीतली पोरं टेम्पोमागे धावत तेच म्हणायची. दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं, किंवा शिवी दिली असती. नानांनी पेंटर गाठला.

टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर लोक काय काय लिहितात, आईचा आशीर्वाद, हॉर्न द्या. नानांनी पिवळ्या रंगात, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'मागे काय आहे, मी बघत नाही.' पेंटर म्हणाला होता, काका, असं लिहाल तर पोलीस धरतील. नाना म्हणाले, "धरू दे. खोटं लिहिलं असतं तर भ्यायलो असतो."

पोलिसांनी धरलंच. ज्या टेम्पोवर असं लिहिलंय तो कोण सोडेल? कधी शेठचा माल घेऊन कडोदऱ्याला जावं लागायचं, तिथल्या नाक्यावर तर नेम ठरल्यासारखं. हवालदार काठी ठोकायचा, "अंदर क्या है?" नाना समोर बघत म्हणायचे, "पीछे लिखा है, पढ लो." हवालदार मागे जायचा, वाचायचा, परत यायचा, मग स्वतः पोटलं सोडून बघायचा. साड्या. परत बांधायचा. नाना तोवर समोरची काच पुसत असत. हवालदाराने सोडलेली गाठ त्यांना चालत होती. त्याचं कामच ते, म्हणायचे.

पण माल उशिरा पोचायला लागला आणि शेठने बोलावून घेतलं. शेठ गुजराती, गोरा, जाडा, मनाने वाईट नव्हता. तोही पिक्चर सहकुटुंब बघून आला होता, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात पेटी उघडझाक करत होती. बाजारात तशाही कुजबुजी चालायच्या, ह्याच्या पोटल्यातून साडी कमी आली, त्याच्या पोटल्यातून. पुढचं बोलणं मला नानांनीच ओट्यावर बसून सांगितलं. ते दोघं हिंदी-गुजराती-अहिराणीच्या खिचडीत बोलले असणार, मी सरळ मराठीत सांगते.

"सगळा बाजार हसतोय, नाना," शेठ म्हणाला. "पुसून टाका ते. आणि उद्यापासून प्रत्येक डायवरने पोटलं उघडायचं, साड्या मोजायच्या, परत बांधायचं, मगच निघायचं. कमी निघाली तर डायवर भरून देईल."

"मी मोजत नाही," नाना म्हणाले.

"का? मोजता येत नाही?"

"येतं. पण आज मोजलं म्हणजे माझा हात आत गेला. एकदा आत गेलेला हात लोकांना मग आतच दिसतो. उद्या कुठेही साडी कमी निघाली की म्हणतील, ह्याला ठाऊक होतं आत काय आहे. आजवर मला कोणी चोर म्हणू शकलं नाही, कारण मला काही ठाऊकच नव्हतं."

"मग माल मिळणार नाही."

"नका देऊ. पण माझ्या जागेवर उभा राहणार. जागा म्युनिसिपाल्टीची आहे."

आणि ते उभे राहिले. रोज सकाळी टेम्पो धुवायचा, हार घालायचा, बाजारात जायचं, आपल्या ठरलेल्या जागी रिकामा टेम्पो लावायचा, डबा खायचा, संध्याकाळी रिकामं परत. हमाल विचारायचे, "नाना, आज पीछे क्या है?" नाना म्हणायचे, "आज पण मी पाहिलं नाही."

हसायला बरं होतं, पण हसू फार दिवस टिकलं नाही. नानांच्या टेम्पोशिवाय आमच्या गल्लीत साड्या यायच्या बंद झाल्या. दुसरे डायवर डिंडोलीच्या रेल्वे फाटकापलीकडे यायला तयार नव्हते, त्यांना जवळच्या वस्त्या होत्या. घराघरात बायका हात चोळत बसल्या. एक दिवस एक माणूस टेम्पो विकत घेतो म्हणून बघायला आला. नानांनी त्याला टायर दाखवले, इंजिन ऐकवलं, आणि शेवटी म्हणाले, "फाळक्यावरचं पुसायचं नाही, ही अट." माणूस निघून गेला. तो दिवस मी विसरत नाही, कारण टेम्पो गेला असता तर नानांना जगायला आमच्या खोल्यांच्या भाड्याखेरीज काही उरलं नसतं, आणि ते भाडं साड्यांतूनच यायचं.

शेवटी आम्ही त्यांना घेरलं. संध्याकाळी, ओट्यावर. मावशींनी तोंड फोडलं. "आवो नाना, मोजून टाका की. हात झिजतेत का तुमचे? तुमच्या हट्टापायी लेकराबाळांच्या तोंडचं चाललंय."

"मावशी, तुमचं बरोबर आहे," नाना म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. बरोबर आहे म्हटलं."

मी म्हटलं, "नाना, ते पिक्चर आहे. पिक्चरमध्येसुद्धा तो शेवटी उघडतोच की."

"उघडतो," नाना म्हणाले. "मग साहेब येतो, बक्षीस देतो, टाळ्या पडतात. इथं उघडलं की कोण येतं, ते मला सांग पोरी. बाजारात असा एक डायवर दाखव, ज्याने मोजलं आणि लोकांनी त्याला टाळी दिली."

मावशी म्हणाल्या, "मेलं ते पिक्चर," आणि उठून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोला हार मावशींच्या अंगणातल्या झेंडूचा होता, हे मी पाहिलं. त्या रात्रभर भांडल्या असतील नवऱ्याशी, पण हार केला.

लग्नसराई तोंडावर आली आणि बाजारात नव्या नियमाची तऱ्हा दिसायला लागली. प्रत्येक टेम्पो दारातच उभा, डायवर रस्त्यावर बसून पोटलं सोडतोय, मोजतोय, चुकतोय, पुन्हा मोजतोय. मागे टेम्पोंची रांग, हॉर्न, शिव्या, कोऱ्या साड्यांवर चपलांचे ठसे. आणि समोर नाना, धुतलेल्या रिकाम्या टेम्पोत, हार घातलेला, शांत. एका दुपारी शेठ गादीवरून उठून स्वतः खाली आला. घामाने सदरा चिकटलेला.

"लई जाओ, नाना," तो म्हणाला. "गण्या वगर, न मोजता. मोजू नका, काही करू नका, पण आज माल डिंडोलीला गेलाच पाहिजे."

सरळ माणूस असता तर निघाला असता. नाना टेम्पोतून उतरले नाहीत.

"गाठ कोण मारणार?"

"हमाल मारेल. रोज मारतो तसा."

"संशय हमालाला नव्हता, शेठ. संशय तुम्हाला होता. गाठ तुम्ही मारा."

बाजारातले लोक सांगतात, शेठ लाल झाला. मग त्याने खरोखरच सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, हमालाचा खांदा धरून टेम्पोत चढला, आणि गादीवर बसून गोरे झालेल्या हातांनी एकेक पोटलं बांधलं. हमाल मधे मधे म्हणत होता, शेठ, अशी नाही, उलटी. शेठ म्हणाला, मला शिकवू नको. नानांनी टेम्पो सुरू केला. मागे पाहिलं नाही.

त्या दिवशी आमच्या भागाला सुट्टी होती. म्हणजे ज्या लोकांनी टॉकीज डोक्यावर घेतलं होतं, ते सगळे रस्त्यावर होते, सायकलवर, पानाच्या गादीवर, चहाच्या टपरीवर. फाटक ओलांडताना रुळांवर टेम्पो दणकला आणि शेठची पहिली गाठ सुटली. मग एकाला लागून दुसरी. एक गुलाबी साडी फाळक्यावरून बाहेर आली, वाऱ्यावर फुगली, आणि मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर बसली.

तो ओरडला, "नाना, मांगे देखा!"

नानांनी हात हलवला. रोजचंच होतं ते.

मग पानवाला ओरडला. मग टपरीवरचे सगळे उठून ओरडले. "पीछे देख! पीछे देख!" अगदी टॉकीजमध्ये ओरडले होते तसे, त्याच जिवाच्या आकांताने, आणि आता खरं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, हातवारे करत होते, आणि नाना मान ताठ करून समोर बघत होते. ते नंतर मला म्हणाले, "मला वाटलं आज सगळ्या डिंडोलीने एकत्र येऊन माझी चेष्टा करायचं ठरवलंय. म्हटलं, करा. आज माझ्याकडे माल आहे."

मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. आधी टेम्पो दिसला, मागे लांबच लांब हिरवी साडी शेपटीसारखी फडफडत असलेला. आणि त्याच्यामागे अख्खी वरात. सायकलवाले गळ्यात साड्या घालून, एका रिक्षात रिक्षावाल्याच्या मांडीवर साड्यांचा ढीग, पोरं साड्या डोक्यावर धरून पळत. सगळे हसत होते, ओरडत होते, आणि पुढे नानांचा चेहरा, फाटकासमोर थांबल्यासारखा.

गल्लीपाशी आल्यावर त्यांनी रोजच्यासारखा टेम्पो वळवला. उलटा घालायचा म्हणून मान बाहेर काढली. आणि मागे पाहिलं.

ओरडणं थांबलं. माणसं जिथल्या तिथे उभी राहिली, हातात निळ्या, जांभळ्या, पिस्ता रंगाच्या साड्या घेऊन. नाना बराच वेळ बघत होते. मग त्यांनी टेम्पो नीट उलटा लावला, इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि म्हणाले, "गाठ मी सोडली नाही."

कोणी हसलं नाही. आमच्या ह्यांनी पहिली साडी आणून ओट्यावर ठेवली. मग रांगच लागली. आम्ही बायका बसलोच होतो, धूळ झटकली, घड्या घालायला लागलो. तास-दीड तासात शेठ रिक्षाने धापा टाकत पोचला. बाजारापर्यंत बातमी गेली होती. त्याने ओट्यावरचे ढीग पाहिले, रस्त्यावर उभे असलेले कारागीर पाहिले, आणि पहिल्या ढिगावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली.

नाना ओट्याच्या कडेला पाठ करून बसले होते. मागे न बघताच म्हणाले, "मोजा शेठ. सगळ्या गल्लीसमोर मोजा. कमी निघाली तर गाठ कोणाची होती, तेही मोठ्याने सांगा."

शेठचं बोट दुसऱ्या की तिसऱ्या साडीवर थांबलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. मावशी कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होत्या. तो सायकलवाला, ज्याच्या तोंडावर गुलाबी साडी बसली होती, तोही. मग शेठने बोट काढून घेतलं, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "काम करी नाखो बेन, परम दिवसे मोकली देजो." म्हणजे परवा पाठवून द्या.

"मोजणार नाही?" मावशींनी विचारलं.

"ना."

"मग परवा गाठ कोण मारणार?" मी विचारलं. मला अजून आश्चर्य वाटतं की ते मीच विचारलं.

शेठने नानांच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. "तमे," तो मला म्हणाला. "तुम्ही मारा. माझी पाहिली सगळ्यांनी."

परवा गाठी मी मारल्या. माझ्या आईसारख्या, करकचून, फक्त ह्यात लोणचं नव्हतं. पुढे नाना होते तोवर आमच्या गल्लीतून गेलेल्या पोटल्यांच्या गाठी आम्हीच मारल्या आणि नानांनी नेल्या, आणि बाजारात कोणी त्या मोजल्या नाहीत. त्या दिवशी एखादी साडी कमी होती की नाही, हे आजतागायत कोणालाही माहीत नाही, आणि ते तसंच राहिलेलं मला आवडतं. फाळक्यावरची अक्षरं नानांनी दर दिवाळीला नवीन रंगवून घेतली.

नाना आता नाहीत. ते पिक्चर मात्र सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर लागतं. मागच्या खेपेला जावई घरी आले होते. पेटीचं झाकण उघडलं, चोराने जांभई दिली, आणि जावई सोफ्यावरून पुढे सरकून म्हणाले, "अरे मागे बघ ना, मूर्खा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी पेपर वर धरला.

जावई आहेत, पहिल्यांदाच म्हणाले, म्हणून मी काही बोलले नाही. उठून चहा केला. त्यांच्या कपात साखर घातली नाही. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि समजूतदार माणसासारखा सगळा चहा पिऊन टाकला.